संगणकावरील चित्रकामाची मंदगती : कारणे व उपाय
(उच्च प्राथमिक वर्गांच्या शिक्षकांसाठी)



साधन कितीही उत्तम असले तरी ते वापरणाऱ्यास त्याचा स्वभाव ठाऊक असावा लागतो. तो ठाऊक नसला म्हणजे ‘नाचता येईना, अंगण वाकडे’ या न्यायाने आपण साधनालाच दोष देऊ लागतो. शाळेतील संगणकाविषयी पुष्कळदा असेच घडते. तक्ता तयार करण्यासाठी चित्र उघडावे, त्यावर एक रेघ ओढावी, आणि रेघ पडद्यावर उमटेपर्यंत मुलांनी जांभया द्याव्यात, हा अनुभव अनेकांना असेल. मग ‘यंत्र जुने झाले’ असा निर्णय होतो, त्यावर कापड पडते, आणि मुलांचा संगणकाशी येणारा संबंध तेथेच संपतो. परंतु मंदगतीचे कारण पुष्कळ वेळा यंत्राच्या वयात नसून कामाच्या मांडणीत असते. ते कसे ओळखावे व दूर करावे, हे प्रस्तुत लेखात पाहू.

१. विषयाची निकड

घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे समर्थ रामदासस्वामींचे जन्मगाव. इ. स. १६०८ मध्ये ते येथे जन्मले. या गावातील राममंदिरातून ऑगस्ट २०२२ मध्ये प्राचीन मूर्ती चोरीस गेल्या; पुढे पोलीस तपासात त्यांपैकी काही परत मिळाल्या. या घटनेतून शाळांनी घेण्यासारखा एक धडा आहे. हरवलेली वस्तू ओळखावयाची तर तिचे स्पष्ट छायाचित्र, तिची मापे आणि तिच्यावरील खुणा यांची नोंद आधीपासून असावी लागते. प्राचीन वस्तूंच्या नोंदीसाठी १९९७ पासून जगभर वापरात असलेल्या ‘ऑब्जेक्ट आयडी’ या पद्धतीतही याच गोष्टींना प्रमुख स्थान दिलेले आहे.

आपल्या गावातील मंदिर, बारव, जुना वाडा, वीरगळ, गढी यांचा चित्रसंग्रह मुलांनी करावा, हा परिसर-अभ्यासाचा उत्तम उपक्रम होय. त्यासाठी भ्रमणध्वनीवर घेतलेली छायाचित्रे पुरतात. ती नीट करणे, त्यांवर नावे व मापे लिहिणे आणि त्यांचा भिंतीवर लावण्याजोगा तक्ता बनविणे, एवढे काम संगणकावर करावयाचे असते. ‘गिम्प’ ही आज्ञावली त्यासाठी विनामूल्य मिळते. अमेरिकेतील बर्कले येथील विद्यापीठात शिकणाऱ्या स्पेन्सर किम्बॉल व पीटर मॅटिस या दोघा विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये तिची रचना आरंभिली. तिची मूळ संहिता सर्वांना खुली आहे. ती कोणीही वापरावी, वाटावी, सुधारावी अशी परवानगी तिच्या परवान्यातच दिलेली आहे. त्यामुळे एका शाळेतून दुसऱ्या शाळेस ती देण्यात कसलाही नियमभंग होत नाही. तिची २.१० ही आवृत्ती २०१८ मध्ये व ३.० ही आवृत्ती मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. जुन्या विंडोज ७ च्या यंत्रावर २.१० चालते, ३.० साठी विंडोज १० किंवा त्यापुढील प्रणाली लागते.

अशी आज्ञावली हाती असूनही केवळ मंदगतीमुळे उपक्रम सोडून द्यावा लागला, तर ती हानी लहान नव्हे.

२. संगणक मंद का होतो?

घरातील स्वयंपाकाची कल्पना करा. ओट्यावर जागा असते तोवर पीठ, भाजी, मीठ-मिरची सर्व हाताशी राहते व काम भराभर उरकते. ओटा भरला की मात्र एकेक डबा कोठीच्या खोलीत नेऊन ठेवावा लागतो आणि पुन्हा लागला की आणावा लागतो. स्वयंपाकीण तीच, चूलही तीच. पण निम्मा वेळ येरझारांत जातो.

संगणकातील ‘रॅम’ म्हणजे हा ओटा आणि ‘हार्ड डिस्क’ म्हणजे कोठीची खोली. चित्र रॅममध्ये मावते तोवर काम वेगाने होते. ते मावेनासे झाले की गिम्प त्याचे तुकडे डिस्कवर ठेवू लागते. या क्रियेस ‘स्वॅप’ म्हणतात. डिस्क रॅमच्या मानाने फारच संथ असल्याने प्रत्येक रेघेमागे येरझार सुरू होते. जुन्या यंत्रावरील मंदगतीचे हे सर्वांत सामान्य कारण होय.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘माझे छायाचित्र केवळ चार मेगाबाइटचे आहे, ते संगणकास जड कसे जाईल?’ असे पुष्कळजण विचारतात. चार मेगाबाइट हा घडी घालून ठेवलेल्या चित्राचा आकार होय. चित्र उघडले म्हणजे ही घडी उलगडते. पेटीत मावणारे नऊवारी लुगडे वाळत घालताना सारे अंगण व्यापते, तद्वत् हे आहे.

३. थोडे गणित

चित्र हे लहान लहान बिंदूंचे बनलेले असते. त्यांना ‘पिक्सेल’ म्हणतात. साधारणपणे प्रत्येक पिक्सेलसाठी लाल, हिरवा, निळा व पारदर्शकता अशा चार किमती साठवाव्या लागतात. प्रत्येकीस एक बाइट धरल्यास एका पिक्सेलला ४ बाइट जागा लागते.

४००० पिक्सेल रुंद व ३००० पिक्सेल उंच असे छायाचित्र घेऊ.

४००० × ३००० = १,२०,००,००० पिक्सेल
१,२०,००,००० × ४ = ४,८०,००,००० बाइट, म्हणजे सुमारे ४८ मेगाबाइट

आता भिंतीवरील तक्ता पाहू. ए-१ आकाराचा कागद ५९४ × ८४१ मिलिमीटरचा असतो. इंचास ३०० बिंदू या हिशेबाने त्याचे पिक्सेल ७०१६ × ९९३३, म्हणजे सुमारे ६ कोटी ९७ लाख होतात. त्याच्या एका स्तरास, म्हणजे ‘लेअर’ला, सुमारे २७९ मेगाबाइट जागा लागते. असे पूर्ण आकाराचे सहा स्तर केले की १६७४ मेगाबाइट झाले. यंत्रात दोनच गिगाबाइट रॅम असेल, तर मूळ प्रणालीचा वाटा वजा जाता एवढी जागा उरणारच नाही.

तोच तक्ता इंचास १५० बिंदू धरून केला तर लांबी व रुंदी दोन्ही निम्म्या होतात आणि पिक्सेल चौथाईवर येतात. एका स्तरास सुमारे ७० मेगाबाइट व सहा स्तरांस सुमारे ४२० मेगाबाइट पुरतात. बाजू निम्मी केली म्हणजे क्षेत्रफळ निम्मे न होता चौथाई होते, हा भूमितीतील नियम मुलांना येथे प्रत्यक्ष कामास आलेला दिसतो.

‘मग चित्र अस्पष्ट होणार नाही काय?’ अशी शंका येईल. तिचे उत्तर असे. चांगल्या दृष्टीच्या मनुष्यास सुमारे एक कलाएवढ्या, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या, कोनातील दोन बिंदू वेगळे दिसतात. ३० सेंटिमीटरवर धरलेल्या पुस्तकात हे अंतर सुमारे ०.०९ मिलिमीटर भरते. म्हणून पुस्तकासाठी इंचास ३०० बिंदू योग्य. दोन मीटरवरून पाहावयाच्या तक्त्यावर तेच अंतर सुमारे ०.५८ मिलिमीटर होते. तेथे इंचास ४४ बिंदूही पुरे पडतात. मुले जवळ जाऊन पाहतील हे लक्षात घेऊन १५० बिंदू ठेवले म्हणजे ते पुरेसे होतात.

४. निदान आधी, उपाय नंतर

वैद्य नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही. गिम्पच्या २.१० व पुढील आवृत्तींत नाडी पाहण्याची सोय आहे. ‘विंडोज’ या यादीतील ‘डॉकेबल डायलॉग्ज’मध्ये ‘डॅशबोर्ड’ उघडावे आणि त्यातील आकड्यांवर लक्ष ठेवून काम करावे.

(अ) ‘स्वॅप’चा आकडा वाढत असेल, तर रॅम अपुरी पडत आहे. चित्र लहान करणे, स्तर कमी करणे, इतर आज्ञावली बंद करणे हे उपाय करावेत.

(आ) स्वॅप शून्य असून प्रक्रियकाचा म्हणजे ‘सीपीयू’चा आकडा सतत वर असेल, तर गणनेचे काम जड आहे. एखादी परिणामक्रिया, म्हणजे ‘फिल्टर’, त्यास कारण असते.

(इ) आज्ञावली उघडतानाच विलंब होत असेल व पुढे काम सुरळीत चालत असेल, तर अक्षरटंकांची, कुंचल्यांची वा पूरक आज्ञावलींची गर्दी झालेली असते.

एका वेळी एकच बदल करावा आणि घड्याळ लावून तीच कृती पुन्हा करून पाहावी. चार बदल एकदम केले तर गुण कशाने आला हे समजत नाही. शास्त्रीय प्रयोगाची ही पहिली शिस्त होय. मुलांना ती येथे सहज शिकविता येते.

५. उपायांचा क्रम

सोप्या व विनाखर्चाच्या उपायांपासून आरंभ करावा.

१) इतर आज्ञावली बंद करणे. इंटरनेट पाहण्याची आज्ञावली अनेक पाने उघडी ठेवून बसली असेल तर पुष्कळशी रॅम तीच व्यापते. चित्रकाम करताना ती बंद ठेवावी.

२) चित्र पेन-ड्राइव्हवरून थेट न उघडणे. आधी ते संगणकाच्या डिस्कवर उतरवून घ्यावे व काम संपल्यावर प्रत पुन्हा पेन-ड्राइव्हवर ठेवावी.

३) आकार प्रथम ठरविणे. तक्त्यात छायाचित्र जेवढ्या जागेत बसणार तेवढेच ते ‘स्केल इमेज’ या आज्ञेने लहान करून मगच तक्त्यात आणावे. मोठे आणून नंतर लहान करण्यात वेळ व जागा दोन्ही व्यर्थ जातात.

४) अचूकतेची मर्यादा. ‘इमेज’ यादीतील ‘प्रिसिजन’ येथे आठ बिटांची पूर्णांक अचूकता ठेवावी. बत्तीस बिटांची निवडल्यास तेच चित्र चौपट जागा घेते. वर हिशेबिलेला २७९ मेगाबाइटचा स्तर १११६ मेगाबाइटचा होतो. शालेय तक्त्यास आठ बिट पुरेसे आहेत.

५) स्तरांची काटकसर. एका ओळीच्या मजकुरासाठी संपूर्ण कागदाएवढा स्तर ठेवू नये. ‘क्रॉप टू कॉन्टेन्ट’ या आज्ञेने स्तराभोवतीचा रिकामा भाग छाटला जातो. जे स्तर पुरे झाले ते एकत्र करावेत. मात्र त्याआधी ‘एक्ससीएफ’ या प्रकारात एक प्रत राखून ठेवावी, कारण एकत्र केलेले स्तर पुढे वेगळे करता येत नाहीत.

६) पूर्वकृतींचा साठा. केलेली कृती मागे घेता यावी म्हणून गिम्प आधीच्या स्थिती जपून ठेवते. हाही ओट्यावरचाच भार होय. ‘प्रेफरन्सेस’मधील ‘सिस्टिम रिसोर्सेस’ येथे या कृतींची किमान संख्या व त्यांसाठीची कमाल जागा ठरविता येते. लहान यंत्रावर हे आकडे बेताचे ठेवावेत.

७) ‘टाइल कॅश’ची मर्यादा. त्याच ठिकाणी हा आकडा असतो. गिम्पने चित्रासाठी किती रॅम वापरावी हे त्याने ठरते. तो फार लहान असला तर रॅम रिकामी असतानाही डिस्कवर येरझार सुरू होते. यंत्रात आहे त्याहून मोठा ठेवला तर मूळ प्रणालीच गुदमरते व संथपणा अधिकच वाढतो. एकूण रॅमच्या निम्म्याने आरंभ करावा. दोन गिगाबाइटच्या यंत्रावर एक गिगाबाइट, चार गिगाबाइटच्या यंत्रावर दोन गिगाबाइट, असे प्रमाण प्रथम ठेवून डॅशबोर्डवर परिणाम पाहावा.

८) लहान प्रतिमा बंद करणे. स्तरांच्या यादीत प्रत्येक स्तराचे छोटे चित्र दिसते व ते वारंवार नव्याने काढावे लागते. ‘प्रेफरन्सेस’मधील ‘इंटरफेस’ येथे ही सोय बंद करता येते.

९) अक्षरटंक मोजके ठेवणे. शेकडो टंक साठविण्याची हौस आवरावी. देवनागरीसाठी मुंबईच्या ‘एक टाईप’ या संस्थेने घडविलेले ‘मुक्त’ व ‘बलू’ यांसारखे खुल्या परवान्याचे दोन-तीन टंक शाळेस पुरेसे आहेत.

१०) परिणामक्रिया स्थिर करणे. ३.० आवृत्तीत फिल्टर चित्रात न मिसळता वेगळा राहतो. त्यामुळे तो पुढे बदलता येतो, पण चित्र बदलले की त्याची गणनाही पुन्हा करावी लागते. जुन्या यंत्रावर समाधानकारक परिणाम मिळताच ‘मर्ज फिल्टर’ या आज्ञेने तो चित्रात मिसळून टाकावा.

६. योग्य कामास योग्य साधन

गावाचा नकाशा, बाण, चौकटी व मोठी अक्षरे हे काम पिक्सेलांनी करण्याऐवजी रेषांच्या गणिताने करणे सोयीचे असते. त्यासाठी ‘इंकस्केप’ ही दुसरी खुली आज्ञावली आहे. तिचा उगम २००३ मधील. तीत रेषा कितीही मोठी केली तरी ती फुटत नाही आणि रॅमवरील भारही कागदाच्या आकाराबरोबर वाढत नाही. मात्र तिच्या मंदगतीची कारणे निराळी आहेत. छायाचित्रावरून आपोआप रेषा काढविल्या म्हणजे हजारो सांधेबिंदू निर्माण होतात. ते ‘पाथ’ यादीतील ‘सिम्प्लिफाय’ने कमी करावेत. धूसर छायेचा परिणाम फार वापरू नये. काम चालू असताना ‘डिस्प्ले मोड’मध्ये ‘आउटलाइन’ निवडल्यास केवळ बाह्यरेषा दिसतात व हात मोकळा चालतो. छायाचित्र गिम्पमध्ये लहान करावे व नकाशा इंकस्केपमध्ये काढावा, अशी श्रमविभागणी उत्तम ठरते.

७. एक मोठी दक्षता

वेगासाठी चित्र लहान करा, असे वर सांगितले. पण नोंदीसाठी घेतलेल्या मूळ छायाचित्रास ही सूचना मुळीच लागू नाही. मूर्तीवरील बारीक चरा, कोरीव अक्षर, तुटलेला कोपरा हीच तिची ओळख असते. आणि आकार कमी करताना नेमके हेच तपशील प्रथम नाहीसे होतात. एकदा गेलेला तपशील चित्र पुन्हा मोठे केल्याने परत येत नाही. यास्तव,

मूळ छायाचित्र ‘मूळ’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात आहे तसे ठेवावे व त्यावर कधीही काम करू नये. त्याच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी असाव्यात. तक्त्यासाठी नेहमी नवी प्रत काढावी. वस्तूशेजारी मोजपट्टी ठेवून एक छायाचित्र अवश्य घ्यावे. ‘जेपीजी’ प्रकारातील चित्र पुनःपुन्हा साठविल्याने त्याचा दर्जा घसरतो. म्हणून काम चालू असता ‘एक्ससीएफ’ प्रकार वापरावा व शेवटी एकदाच ‘जेपीजी’ करावे. मंदिरातील वा घरातील वस्तूंची छायाचित्रे संबंधितांच्या अनुमतीनेच घ्यावीत आणि मौल्यवान वस्तूंची चित्रे व जागा चारचौघांत प्रसिद्ध करू नयेत.

८. पाठाचा आराखडा

विषय : चित्राचे वजन. इयत्ता : सातवी. कालावधी : ३५ मिनिटे.
साहित्य : संगणक, आलेख-कागद, रंगीत पेन्सिली, सेकंदकाट्याचे घड्याळ.

पूर्वज्ञान (५ मिनिटे) : आयताचे क्षेत्रफळ कसे काढतात? बाजू निम्म्या केल्यास क्षेत्रफळाचे काय होते?

आलेख-कागदावरील कृती (१० मिनिटे) : मुलांनी ८ × ८ चौकोनांत घराचे चित्र रंगवावे व नंतर तेच ४ × ४ चौकोनांत रंगवावे. किती चौकोन वाचले आणि चित्रातील कोणता तपशील गेला, हे दोन्ही वहीत लिहावे.

संगणकावरील कृती (१५ मिनिटे) : एकच छायाचित्र मूळ आकारात व निम्म्या बाजूंच्या प्रतीत उघडावे. दोहोंवर एकच फिल्टर चालवून लागलेला वेळ एका गटाने घड्याळावर मोजावा, दुसऱ्याने डॅशबोर्डचे आकडे टिपावेत, तिसऱ्याने पिक्सेलांचा गुणाकार करावा. एकच यंत्र असले तरी अशा विभागणीने सर्व मुले कामात राहतात.

उजळणी (५ मिनिटे) : वेग कशाने वाढला? त्याबद्दल आपण काय गमावले? मूळ प्रत का जपावी?

९. स्वाध्याय

१) ए-४ कागदाचे इंचास ३०० बिंदूंप्रमाणे २४८० × ३५०८ पिक्सेल होतात. एका स्तरास किती बाइट जागा लागेल?
२) चित्राच्या बाजू एक-तृतीयांश केल्यास पिक्सेल किती पटीने कमी होतील?
३) स्वॅपचा आकडा शून्य असूनही काम मंद चालते. कारण काय असावे?
४) आपल्या गावातील एका जुन्या वास्तूची नोंद तयार करा : नाव, मापे, विशेष खुणा व मोजपट्टीसह छायाचित्र.

१०. समारोप

समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा आरंभच लेखनक्रियेच्या निरूपणाने केला आहे. अध्यात्माच्या ग्रंथात अक्षराचे वळण, ओळींतील सारखेपणा आणि लेखनसाहित्य यांचा असा बारकाईने विचार व्हावा, हे मनन करण्यासारखे आहे. साधनाची निगा हा विद्येचाच भाग होय, हे त्यातून दिसते. बोरू नीट तासल्यावाचून अक्षर वळणदार येत नाही. संगणकाचेही तसेच आहे. त्याच्या ओट्यावर किती मावते हे जाणून काम मांडले, तर कापड घालून कोपऱ्यात ठेवलेले जुने यंत्रही पुन्हा मुलांच्या उपयोगी पडेल. यंत्र निर्लेखनाच्या यादीत घालण्यापूर्वी वरील दहा उपाय क्रमाने करून पाहावेत, एवढीच शिक्षक बंधुभगिनींस विनंती.